पडवीतली पेटी

लग्न होऊन संगमेश्वरच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला तीन गोष्टी बजावल्या होत्या. विहिरीवर पाणी काढताना कठड्याला टेकायचं नाही, तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, आणि आषाढ लागला की मागच्या पडवीच्या खालच्या पायरीवर काही ठेवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मी अधूनमधून विसरते. तिसरी विसरून चालत नाही, कारण त्या पायरीपर्यंत नदी येते.

यंदा महाशिवरात्रीला आम्ही गावी गेलो ते दर्शनाला, पण आत एक दुसरं निमित्त होतं. आमच्या 'ह्यां'च्या डोक्यात गेलं वर्षभर विजेवरची मोटार घोळते आहे. पेट्रोलचा हिशेब एका कागदावर, विजेचा दुसऱ्या कागदावर, आणि तिसऱ्या कागदावर हप्ता. त्या तिसऱ्या कागदात माझ्या अर्धवेळ शिक्षिकेच्या पगारातले पैसेही धरलेले मी पाहिले, तेव्हा म्हटलं, आता आपल्याला चार प्रश्न विचारायचा हक्क आहे!

ह्यांच्या एका स्नेह्यांनी आपली विजेची मोटार दोन दिवस वापरायला दिली. "आधी चालवून बघा, मग पैसे घाला," हा त्यांचा मोठेपणा. चिपळूण ते संगमेश्वर म्हणजे जेमतेम ४५ किलोमीटर. एरवी कामथे घाट संपेपर्यंत माझी एक डुलकी होते. या खेपेला डोळा लागला नाही, कारण समोरच्या पडद्यावर आकडा दिसत होता. निघताना १००. घाट चढताना तो असा भराभर खाली यायला लागला की मला महिनाअखेरीचं पाकीट आठवलं. उतारावर मात्र गंमत झाली. आकडा चक्क एकानं वर गेला. "उतारावर चाकंच मोटर फिरवतात, ती वीज परत बॅटरीत जाते," ह्यांनी अशा ऐटीत सांगितलं, जणू ते यंत्र ह्यांनीच बनवलंय.

सावर्डे गेलं, आरवली गेली, तुरळची गरम पाण्याची कुंडं मागे पडली. गाडीत घरघर नाही, धुराचा वास नाही. आमच्या धाकटीला गाडी लागते. प्रत्येक प्रवासात माझ्या पर्समध्ये आवळासुपारी आणि प्लॅस्टिकची पिशवी असतेच. या वेळी पिशवी तशीच परत आली. ही एक गोष्ट मी ह्यांच्या बाजूनं प्रामाणिकपणे मांडते. संगमेश्वरला उतरलो तेव्हा आकडा होता ७३.

दुसऱ्या दिवशी मार्लेश्वरला जायचं होतं, म्हणून गाडी रात्री घरी चार्जिंगला लावायची ठरली. खरी परीक्षा इथेच झाली. आमचं कसब्याचं घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. दिवे, पंखे, मिक्सर आणि विहिरीचा पंप एवढंच त्या वायरिंगला माहीत. पंपाच्या जाड पिनेच्या पॉइंटला गाडीची दोरी लावली, तर तिच्या पेटीवर तांबडा दिवा! काढली, लावली, पुन्हा तांबडा. शेवटी शेजारच्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी टेस्टर लावला, मागे जाऊन एका खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, "अर्थिंग सुकलाय."

झालं होतं असं, की अर्थिंगची तार जमिनीत जिथे पुरली आहे, तिथली माती शिमग्याच्या सुमाराला कोरडीठाक होते. पंपाला त्याचं सोयरसुतक नसतं, तो फिरतच राहतो. पण या गाड्यांच्या चार्जरला अर्थिंग नीट मिळालं नाही, तर तो वीज घेतच नाही. आणि ते बरंच आहे म्हणायचं. जाऊबाई नि मी मिळून दहा-बारा बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतलं. काकांनी वरून जाडं मीठ टाकलं. अर्ध्या तासानं हिरवा दिवा लागला तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या. त्यानंतर भाऊजींनी सवयीनं पंपाचं बटण दाबलं आणि घर काळोखात बुडालं. फ्यूज गेला! चार्जर ओढत होता तीन किलोवॉटच्या आसपास, त्यात पंप. घराच्या मीटरवर मंजूर असलेला लोडच मुळी दोन किलोवॉटचा.

काकांचा सल्ला तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. घरात विजेची स्कूटर किंवा मोटार यायची असेल तर आधी वीज कंपनीकडे अर्ज करून लोड वाढवून घ्या. मीटरपासून वेगळी जाड तार, तिला स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की बंद पडणारं आरसीसीबी बसवा. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी कधीही लावू नका. हा सगळा खर्च दुकानदार सांगतो त्या किमतीत धरलेला नसतो.

फराळाला रताळ्याचे काप आणि साबुदाण्याची खिचडी झाली. जेवणं आटोपल्यावर गाडी पुढच्या अंगणातच राहू दिली. २०२२ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर रात्री पेटली आणि धुरानं गुदमरून बाप-लेक दोघंही गेली, ती बातमी माझ्या मनातून जात नाही. त्या उन्हाळ्यात अशा आगी ठिकठिकाणी लागल्या. मग सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, त्या डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. आता येणाऱ्या गाड्या बऱ्याच सुरक्षित आहेत, असं जाणकार सांगतात आणि मला ते पटतं. तरी जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी मी कुठलीही बॅटरी रात्री लावू देणार नाही. घरातून बाहेर पडायची वाट मोकळी हवी, एवढं साधं आहे ते.

महाशिवरात्रीला पहाटेच कर्णेश्वराला गेलो. काळ्या दगडाचं ते देऊळ कितीदा पाहिलं तरी मान वर करून छताची कोरीव नक्षी बघत राहावंसं वाटतं. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले ते याच गावात. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला आणि तेव्हापासून गावाबाहेरची माणसंही खूप येतात. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात इथे स्मारक करण्याची घोषणाही झाली. गर्दी वाढली तशी गाड्याही वाढल्या. आमच्या लहानशा रस्त्यांवर त्या कुठे उभ्या करायच्या हा वेगळाच विषय.

दर्शन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चल गो, संगमावर जाऊन येऊ." शास्त्री आणि सोनवी इथे भेटतात, म्हणून हे संगमेश्वर. कसब्याच्या संगमाला जुनी माणसं अलकनंदा-वरुणेचा संगमही म्हणतात. फेब्रुवारीतलं पाणी अगदी शहाण्या मुलीसारखं शांत होतं. एके काळी या पात्रातून मोठाली गलबतं थेट संगमेश्वरच्या धक्क्याला लागत. मग वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि गलबतं खाली फुणगूसपर्यंतच येऊ लागली. नदीत जे पडतं ते कुठे जात नाही, इथेच तळाशी बसतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी सुचलं.

त्या वेळी सुचलं ते वेगळंच. हीच शास्त्री पुढे जयगडला समुद्राला मिळते. तिथे खाडीच्या तोंडाशी १२०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. परदेशी कोळसा जहाजानं येतो आणि तिथे जळतो. शाळेची सहल घेऊन जयगडच्या किल्ल्यावर गेले होते तेव्हा त्याची उंच चिमणी मुलांनी मला दाखवली होती. आमच्या अंगणातल्या गाडीत रात्रभर शिरलेली वीज कुठल्या केंद्रातून आली ते तारेवर लिहिलेलं नसतं. थोडी पलीकडच्या कोयनेच्या पाण्याचीही असेल. पण देशातली निम्म्याहून बरीच अधिक वीज आजही कोळशाचीच आहे. मी तसं म्हटल्यावर ह्यांचा चेहरा पडला. मग मीच पुढचं सांगितलं. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा नुसती गरम होऊन वाया जाते, विजेच्या मोटरमध्ये फार थोडी. बॅटरी तयार करताना कारखान्यात सुरुवातीलाच धूर जास्त होतो, तरी गाडी भरपूर वर्षं वापरली तर एकूण हिशेबात विजेची गाडी सरस ठरते. म्हणजे दरवाजात दोन-दोन गाड्या उभ्या करून एक फक्त रविवारी काढायची, असा थाट केला तर त्यात पर्यावरण वगैरे काही नाही!

मार्लेश्वरहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी चालली होती. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला. भाऊजींची इन्व्हर्टरची बॅटरी संपली होती. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहे. ही बॅटरी शिशाची, दोन माणसांनी उचलायची. जुन्या शिशाला भाव चांगला मिळतो, म्हणून ती घ्यायला कुणीही तयार. घासाघीस झाली, पैसे ठरले. मी पोळ्या लाटत होते. मागे काहीतरी खळाळल्यासारखं वाटलं म्हणून पाहिलं, तर त्या माणसानं बुचं उघडून बॅटरी उपडी केली होती, आणि आतलं पाणी परसातल्या पऱ्यात वाहत होतं.

पाणी कसलं, गंधकाचं तीव्र आम्ल ते! त्यात शिसं मिसळलेलं. मी लाटणं हातात घेऊनच धावले. "अहो, हे काय करताय?" तो शांतपणे म्हणाला, "ताई, वजन कमी होतं. सगळे असंच करतात." पऱ्याकाठचा अळू दुपारपर्यंत काळा पडला. तो अळू आम्ही आदल्याच दिवशी फदफद्यासाठी हेरून ठेवला होता. पऱ्या जातो नदीला. भाऊजींनी त्याला पुरतं सुनावलं, पण ओतलेलं काही परत भरता येत नाही. चुना आणून तिथे टाकला. त्यानं आम्ल मरतं, शिसं मात्र राहतंच. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट, हे आम्ही वर्गात शिकवतो, आणि आमच्याच परसात त्या जागी मुलं कागदाच्या होड्या सोडतात.

खरं तर शिशाच्या बॅटरीची विल्हेवाट सर्वांत सोपी. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीत सूटही देतो. चार पैसे जास्त मिळतील म्हणून आपण ती दारावर विकतो. पुढच्या वेळी तसं होणार नाही, हे जाऊबाईंनी भाऊजींना माझ्यासमोरच सांगितलं.

भंगारवाला निघताना भाऊजी म्हणाले, "ती स्कूटरची पण घेऊन जा ना." तो पडवीत गेला, बघून आला आणि हात झटकत म्हणाला, "ती नको. ती पेटते."

कुठली स्कूटरची? मला ठाऊकच नव्हतं. भाऊजींची विजेची स्कूटर वर्षभर ताडपत्रीखाली उभी आहे, एवढंच माहीत होतं. बॅटरीची हमी होती तीन वर्षांची. ती संपल्यावर थोड्याच दिवसांत बॅटरी गेली. नव्या बॅटरीची किंमत ऐकून भाऊजींनी स्कूटरचा नादच सोडला. जिथून घेतली ते दुकान तोवर बंद झालेलं. मग ती बॅटरी काढून पडवीत ठेवली. पडवीत म्हणजे कुठे? खालच्या पायरीपासून हातभर अंतरावर. सासूबाईंनी वर स्वच्छ फडकं अंथरून त्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली होती!

"आई, अहो ही बॅटरी आहे," मी म्हटलं.

"मेलेली आहे ना ती? मग काय करत्येय?" सासूबाई म्हणाल्या. "चांगली चौरस आहे. बरणी डुगडुगत नाही."

मेलेली लिथियमची बॅटरी पुरती मेलेली नसते, हेच कुणाला माहीत नसतं. स्कूटर चालवण्याइतकी शक्ती तिच्यात नसली, तरी आग लावण्यापुरती असू शकते. फडकं उचललं तर एका कडेला पत्रा किंचित फुगलेला दिसला. माझ्या पोटात गोळाच आला. २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात पूर आला, तेव्हा माझी पेट्रोलची स्कूटर चिखलात गाडली गेली होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं ती खोलली, धुतली, वाळवली आणि पुन्हा चालू करून दिली. लिथियमची पेटी तशी खोलता येत नाही. आत पाणी गेलं, तर तारा आतल्या आत जुळून ती लगेच किंवा पाणी ओसरल्यावर काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. खाऱ्या पाण्यानं तर अधिकच. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडाला 'इयन' वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्या अशाच नंतर पेटल्या होत्या. "पण या गाड्या पाण्यातून चालतात, आयपी ६७ असतं ना," हे म्हणाले. असतं खरं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमच्या चिपळूणच्या पुराला कुणी हा नियम सांगितला नव्हता!

त्या दिवशी आमचं निघणं लांबलं. बरणी उचलून फडताळात गेली. हातमोजे घालून, न आपटता, भाऊजींनी ती पेटी घरापासून दूर वरच्या अंगाला नेली. तिथे फणसाची दिवसभर सावली असते. खाली चिरा, भोवती कोरडी रेती. उन्हात ठेवायची नाही, खिळा-स्क्रू लावायचा नाही, कचऱ्यात टाकायची नाही, पुरायची तर मुळीच नाही. गाडीत घालून चिपळूणला न्यावी असं ह्यांना वाटत होतं. फुगलेली बॅटरी मुलांच्या पायाशी ठेवून घाट उतरायचा? मी साफ नाही म्हटलं.

मग न्यायची कुणी? याचं उत्तर कायद्यात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. त्याआधीचे २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांचे होते. नव्या नियमांप्रमाणे ज्यानं बॅटरी बाजारात आणली, त्यानंच ती जुनी झाल्यावर गोळा करून नोंदणी असलेल्या कारखान्यात पोचवायची. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीचं चित्र आणि त्यावर फुली असते, ती याचसाठी. आपणही ती घरच्या कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी द्यायची, हे आपलं काम. पुनर्वापराच्या कारखान्यात या बॅटऱ्या दळून एक काळी भुकटी निघते. तिच्यातून लिथियम, निकेल, कोबाल्ट पुन्हा वेगळे करतात. २०२६-२७ पासून ९० टक्के माल परत मिळवला पाहिजे, असं नियम सांगतो. कोबाल्ट हा शब्द वाचला की मला काँगो आठवतो. जगातलं बहुतेक कोबाल्ट तिथून निघतं आणि तिथल्या खाणींत हातांनी माती उपसणाऱ्यांत लहान मुलंही असतात. ते पडवीत किंवा पऱ्यात फेकणं म्हणजे त्या पोरांची मेहनतही फेकणं. आता पुष्कळ गाड्यांत लोखंड-फॉस्फेटची बॅटरी येते. तिच्यात कोबाल्ट नसतं आणि ती सहसा तितक्या लवकर भडकतही नाही. दुकानात गेलात तर "एलएफपी की एनएमसी?" एवढं जरूर विचारा. एलएफपी म्हणजेच ही लोखंड-फॉस्फेटची.

घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. बी. ए. ला घेतलेलं मराठी अर्ज लिहायलाच सर्वांत जास्त उपयोगी पडलंय! बॅटरीचा नंबर, खरेदीची पावती, फुगलेल्या कडेचा फोटो, २०२२ च्या नियमांचा उल्लेख, आणि शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चिपळूणचं कार्यालय. पहिल्या फोनला "रत्नागिरीला आणून द्या" असं उत्तर आलं. दुसऱ्या फोनला तो विभागच वेगळा निघाला. तिसऱ्या फोनला मी सांगितलं की पावसाळा जूनमध्ये लागतो आणि आमच्या पायरीला नदी लागते, तेवढं तारखेसह लिहून घ्या.

मोटारीचं अजून ठरलेलं नाही. ह्यांच्या कागदांत आता एक चौथा कागद आला आहे, तो माझ्या अक्षरातला. आठ वर्षांची हमी संपल्यावर बॅटरी कोण नेणार, पुराचा इशारा आला की गाडी कुठल्या उंच जागी न्यायची, संगमेश्वरच्या वायरिंगचा खर्च कुणी करायचा. ह्यांनी त्यातलं एक कलम खोडून पाहिलं. मी पुन्हा लिहिलं.

वैशाखातल्या एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. "दोन माणसं आली होती गो, मोठी लोखंडी पेटी घेऊन. तुझी ती मेलेली घेऊन गेली. पावती दिल्येय."

"नीट ठेवा हं आई, ती पावती."

"ठेवल्येय. देवघरात, पंचांगात. आणि ऐक, बरणीला दुसरी जागा सापडत नाहीये. येताना एखादा चौरस पाट घेऊन ये."